परभणीचं चायनीज आणि माझं आडनाव

"उत्तमराव, औरंगाबादला चाललोय पोरं घेऊन, लेण्या बघायला. तिकडं चांगलं चायनीज कुठं मिळंल?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, दवाखान्याच्या रांगेत विचारलाय आणि एकदा मयतीहून परतताना टेम्पोत विचारलाय. तीस वर्षं चायनीजच्या भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस म्हणून लोक विचारतात, आणि खरं सांगायचं तर मलाही सांगायला आवडतं. हॉटेलांची नावं मात्र मी सांगत नाही. नावं बदलतात, मालक बदलतात, आचारी तर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात. मी ओळखायची रीत सांगतो.

जिथं पर्यटक उतरतात त्या भागात दर चार दुकानांआड एक लाल कंदील लटकलेला असतो. त्या कंदिलाकडं बघू नका. दारात दोन मिनिटं उभं राहा आणि कान द्या. चायनीजची भट्टी घरच्या शेगडीसारखी गुपचूप जळत नाही, ती घोंगावते. त्या आवाजात पळी कढईवर आपटल्याची टणटण यायला हवी, आणि ती तुमची ऑर्डर आत गेल्यावर यायला हवी. ऑर्डर गेली, आत सगळं शांत आणि पाच मिनिटांत प्लेट समोर आली, तर समजा की सकाळचं केलेलं गरम करून दिलंय. भातात दाण्याला दाणा चिकटलेला नसावा. त्यासाठी भात आधी शिजवून, पसरून, पार गार करावा लागतो. गरम भात कढईत टाकला की त्याचा गोळा होतो. खाऊन झाल्यावर प्लेटच्या तळाशी तेलाचं तळं आणि बोटांना लाल रंग राहिला, तर परत तिथं जाऊ नका. आणि कार्डावर दीडशे पदार्थ असतील तर बसूच नका. एका माणसाच्या हाताला दहा-बारा पदार्थच धड येतात. मला चौदा येतात.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं या धंद्यातल्या गमती मागितल्यात. गमती आहेत. पण त्या घडत होत्या तेव्हा मी बहुतेक वेळ भ्यालेला होतो. ते वगळून लिहिलं तर लेख हसरा होईल, पण खरा होणार नाही.

परभणीत बसस्टँडच्या रस्त्यावर विश्वनाथअप्पांचं हॉटेल होतं. शुद्ध शाकाहारी, गल्ल्यामागं बसवेश्वरांचा फोटो, कपाळाला भस्म लावलेले अप्पा. कृषी विद्यापीठातली बाहेरगावची मुलं येऊन रोज विचारायची, "अप्पा, चायनीज आहे का?" औंढ्याच्या नागनाथाला, पाथरीला, पुढं नांदेडला जाणारे मुंबई-पुण्याचे प्रवासीही तेच विचारायचे. नाही नाही म्हणून अप्पा कंटाळले. एक दिवस शर्टाच्या खिशात कागद-पेन्सिल घालून ते औरंगाबादला गेले. स्टेशनजवळच्या, पर्यटकांच्या भागातलं एकूण एक चायनीज त्यांनी दोन दिवसांत पालथं घातलं. सगळीकडं व्हेज हाफ प्लेट मागवायची, दोन घास खायचे आणि कागदावर खूण करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट धरून ते आमच्या हॉटेलात आले. मी तेव्हा तिथं आचारी होतो. त्यांनी हाफ प्लेट संपवली, अजून एक मागवली आणि मग थेट भटारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"हे कुणी केलं?"

मी हात वर केला.

"गाव कुठलं रे तुझं?"

मराठवाड्याबाहेरची मालकमंडळी आणि हिंदी बोलणारे वेटर यांच्यात राहून मला आपल्याकडची बोली ऐकायची सवय राहिली नव्हती. तो सूर ऐकला आणि जीभ सैल सुटली. "बोरीकडचं."

"जिंतूरची बोरी? आरं, मग तू तर आमचाच की! नाव काय?"

"उत्तम."

"पुढं?"

तेवढ्यात मला भान आलं. "साळ..." म्हणालो आणि थांबलो. भट्टी घोंगावत होती.

"साळुंके?" अप्पांनी विचारलं.

मी मान हलवली. माझं आडनाव साळवे.

एवढंच झालं. तोंडातून एक अक्षरही खोटं काढलं नाही, नुसती मान हलवली. पण त्या हललेल्या मानेखाली मी पुढची काही वर्षं काढली. असं का केलं, ते कळायला मागं जावं लागेल.

अठ्ठ्याहत्तर साली औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली. मी एकोणीस वर्षांचा होतो. आमचं गाव बोरीपासून दोन कोसांवर. नाव लिहीत नाही, आजही लिहवत नाही. गावाच्या कडेला आम्हा बौद्धांची वस्ती. वडील आधीच वारलेले, घरात आई आणि मी. दिवस मावळायला अजून अवकाश होता तेव्हा गावाकडून ओरडा ऐकू आला. आई म्हणाली, "पळ." ती एकीकडं पळाली, मी एकीकडं. मी ज्वारीत शिरून पालथा पडलो. पीक कमरेइतकं होतं.

ज्वारीच्या ताटांमधून मला आमचं घर दिसत होतं. आणि घरापुढं दिगंबर दिसला. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, शाळेत माझ्यापुढं चार वर्षं. त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता. त्यानं छपरावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. मग वळला, आणि त्याची नजर बरोबर मी पडलो होतो तिथं येऊन थांबली. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. त्याच्या मागून माणसांचे आवाज येत होते. आता हा ओरडणार, असं मला वाटलं. तो ओरडला नाही. वळला आणि निघून गेला.

नंतर पोलीस आले, नावं विचारली. मी म्हणालो, "कुणी दिसलं न्हाई, धूर लय व्हता." आईही तेच म्हणाली. आठ दिवसांनी तिनं मला मामाकडं मुंबईला धाडलं.

मुंबईत एका चायनीज हॉटेलात भांडी घासायला लागलो. तिथं मुख्य आचारी होते लिऊचाचा. जन्म आसामातला, बापजादे चहाच्या मळ्यात सुतारकाम करायला आलेले. बासष्ट साली चीनशी लढाई झाली तेव्हा त्यांच्या घरच्यांना उचलून पार राजस्थानात छावणीत नेऊन ठेवलं होतं. सुटून आले तर घरात दुसरी माणसं राहत होती. मला ज्वारीतलं सांगायची कधी गरज पडली नाही. मी दाराकडं पाठ करून काम करत नाही, एवढ्यावरून त्यांनी काय ते ओळखलं. गिऱ्हाइकांनी कौतुकानं विचारलं की, "आप चायनीज हो?" तर चाचा हात जोडून म्हणायचे, "नहीं साब, नेपाली." चायनीज हॉटेलातला एकुलता एक चिनी माणूस स्वतःला नेपाळी सांगायचा. कढई कशी तापवायची, भाजी एकसारखी कशी चिरायची, हे मी त्यांच्याकडून शिकलो. नाव कसं लपवायचं, तेही तिथंच शिकलो.

औरंगाबादला नवं हॉटेल निघालं तेव्हा चाचा मला सोबत घेऊन आले. दोन-तीन वर्षांत ते वारले. त्यानंतर अप्पा आले. परभणीला जायची भीती होतीच, पण आई मानवतला मावशीकडं आश्रितासारखी राहत होती. तिला जवळ आणता येईल, या एका गोष्टीसाठी मी हो म्हणालो.

परभणीला येऊन बघतो तर अप्पांनी भट्टी मांडली होती हॉटेलच्या तोंडाशी, रस्त्यावर, मोठ्या काचेच्या आत. "लोकांना जाळ दिसला पायजे. जाळ बघून गिऱ्हाईक येतंय," अप्पा म्हणाले. धंद्याच्या हिशेबानं त्यांचं बरोबर होतं. आमच्या कामात कढई आगीवर तिरकी केली की तेलाला क्षणभर ज्वाळा धरते, पुरुषभर वर जाते आणि विझते. बघणाऱ्याला वाटतं हॉटेल पेटलं. सुरुवातीला रस्त्यावर घोळका जमायचा. आणि त्या घोळक्यापुढं, काचेत ठेवलेल्या मिठाईसारखा मी. जिंतूर, बोरी, सेलू, मानवत, सगळीकडच्या एसट्या समोरून जायच्या. प्रत्येक एसटीच्या खिडकीत मला आमच्या गावचं माणूस बसलेलं दिसायचं.

मी डोक्याला फडकं आणि नाकातोंडाला दुसरं फडकं बांधायला लागलो. गिऱ्हाईक म्हणायचं, "बघा, स्वच्छता किती!" अप्पा खूश. रेल्वे लाइनीपलीकडं खोली घेतली होती, तिथं आई आणि मी. घरी जायला रोज वेगळी वाट धरायचो. लग्नाचं वय टळत चाललं होतं. मुलगी बघायला जायचं तर आडनाव सांगावं लागतं, आणि माझ्याकडं तर दोन होती.

तरीही धंदा मस्त चालला. सेलूला कापूस घालून आलेले एक म्हातारे काका पहिल्याच महिन्यात आले. पाटी वाचून म्हणाले, "चिनी म्हंजे साखरच ना हो? काहीतरी गोड द्या मंग." मी मंचुरियन दिलं. एक गोळा खाल्ला, रस चाटला आणि म्हणाले, "हे तर कोबीचे भजे बुडवून ठिवल्यात की! पण लय झ्याक." पुढं दर हंगामात कापूस विकला की यायचे आणि 'बुडवलेले भजे' मागायचे. नूडल्स बघून एक बाई किंचाळल्या होत्या. त्याच बाई पुढं डबा घेऊन यायला लागल्या.

भीतीचा पहिला मोठा झटका बसला तो बेडकावरून. चिनी लोक बेडूक खातात, म्हणून अप्पाच्या हॉटेलात बेडूक घालतात, अशी कुणीतरी आवई उठवली. एका दुपारी पाच-सहा जण आत शिरले. त्यांना भटारखाना बघायचा होता. मी म्हणालो, बघा. कोबी, गाजर, मैदा, व्हिनेगर, सगळं उघडून दाखवलं. त्यांनी त्याकडं धड पाहिलंसुद्धा नाही. त्यातला एक माझ्याकडं बघत होता.

"आचारी कोण हाय हा? तोंड कामून झाकलंय? काढ फडकं."

माझा हात उचलेना. अप्पा गल्ल्यावरून उठून मध्ये आले.

"आमच्याच बोरीकडचा हाय. साळुंक्याचा. खानदानी पोरगं हाय, मी ग्यारंटी देतो त्याची."

"साळुंके?" तो म्हणाला. "मंग आधी सांगायचं ना अप्पा."

आणि ते गेले. कोबी-गाजरानं ज्यांची शंका फिटली नाही, त्यांची आडनावानं फिटली. अप्पांनी माझी पाठ थोपटली. मला वाटलं, आता सांगावं. पण आता खोटं माझं एकट्याचं राहिलं नव्हतं. अप्पांनी चार माणसांत त्याच्यावर आपली जबान लावली होती. मी गप्प बसलो, आणि त्या दिवसापासून एसट्यांपेक्षा अप्पांचीच जास्त भीती वाटायला लागली.

त्र्याण्णव साल सरता सरता नामांतराचा विषय पुन्हा तापला. मोर्चे, बंद, भिंतींवरच्या घोषणा. लोक नूडल्स खाता खाता बोलायचे आणि मला काचेआड सगळं ऐकू यायचं. अशातच एका सोमवारी एक कुटुंब औंढ्याहून दर्शन करून आलं. नवरा, बायको, एक उपवर मुलगी. मुलीनं हट्टानं चायनीज मागवलं. मी मान वर केली आणि हातातली पळी कढईत पडली.

दिगंबर होता. केस पिकलेले, अंग सुटलेलं, पण तोच. तो माझ्या फडक्यावरच्या डोळ्यांकडं बघत होता. त्यानं खाल्लं नाही. मुलीचं होईपर्यंत बसला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात तो एकटा आला. काचेजवळचं टेबल धरलं, प्लेट मागवली, दोन घास खाल्ले, माझ्याकडं बघत बसला आणि उठून गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. एक शब्द बोलायचा नाही. मी घरी जायच्या वाटा अजून लांबवल्या. आईला दाराला आतून कडी लावायला सांगितलं. ती विचारायची, "काय झालंय रं?" मी म्हणायचो, "वातावरण खराब हाय." जेवण जाईना. एकदा तर मीठ दोनदा पडलं आणि माझ्या हातची प्लेट परत आली. तसं आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

संक्रांतीला सरकारनं विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर केला. आमच्या लाइनीपलीकडच्या वस्तीत लोक एकमेकांना पेढे भरवत होते, आणि गावांतून नको नको त्या बातम्याही येत होत्या. बाजार काही दिवस बंद राहिला. हॉटेल उघडलं त्या दुपारी अप्पा जेवायला घरी गेले होते. आत दोनच गिऱ्हाइकं, तीही मागच्या बाजूला. दिगंबर आला. या वेळी टेबलावर बसला नाही. सरळ काचेच्या कडेनं आत, माझ्यापाशी आला.

"उत्तम, फडकं काढ. मी पयल्याच दिवशी वळखलंय तुला."

मी भट्टी बंद केली. हात कढईच्या दांड्यावर होता, तो तिथंच राहिला.

"येक इचारायचंय," तो म्हणाला. आवाज दबका होता. "तवा... जवारीतून. तू मला बघितलं व्हतंस."

मी मागच्या गिऱ्हाइकांकडं एक नजर टाकली.

"कुणाला सांगितलंस का? पोलिसात? वस्तीत? आता कायदा लय कडक झालाय मनतेत. जुनी परकरणं उकरायलेत मनतेत. पोरगी लग्नाची हाय माजी." तो एक पाऊल पुढं आला. "मी तवा वरडलो न्हाई, उत्तम. ध्यानात हाय ना तुज्या? बाकीचे माज्या मागंच व्हते. मी वरडलो असतो तर तू आज हितं नसतास."

त्यानं आधारासाठी काचेवर हात टेकवला होता. त्याची बोटं थरथरत होती आणि काचेवर बारीक टकटक होत होती. तेव्हा मला कळलं. हा माणूस मला धमकवायला येत नव्हता. हा दर आठवड्याला येऊन बघत होता की मी बोललो तर नाही ना. मी पंधरा वर्षं ज्याला भ्यालो, तो पंधरा वर्षं मला भीत होता.

मी काय म्हणायला हवं होतं, ते मी नंतर हजार वेळा मनात बोललोय. तेव्हा तोंडातून निघालं ते असं: "न्हाई. कुणालाच न्हाई."

"आन तुजी माय?"

"तिनं काही बघितलंच न्हाई."

त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत सैल झाला. त्यानं टेबलावर बसून नूडल्स मागवल्या. मी केल्या. आजवर दोन घासांवर उठणाऱ्या माणसानं सगळी प्लेट पुसून खाल्ली. जाताना म्हणाला, "हात लय चांगला हाय तुजा."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई सुपात डाळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. दिगंबर, रॉकेलचा डबा, ज्वारीतली नजर, आजची दुपार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिचा हात सुपावरच थांबला.

"मी बी बघितलं व्हतं त्याला," ती म्हणाली. "हिरीच्या काठाआड व्हते मी."

"मंग मला सांगितलं कामून न्हाईस?"

"तू तरणा व्हतास. तुला कळलं असतं तर त्याच्या अंगावर गेला असतास. येकच लेकरू हाईस. तू कामून न्हाई सांगितलंस?"

"तू बोलशील आणि तुला त्रास देतील म्हणून."

तिनं डाळीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग तिनं विचारलं, "आन त्यानं सगळी पलेट खाल्ली?"

"हो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "सकाळी मला ठाण्यात ने."

मी नको म्हणालो. हातापाया पडलो म्हटलं तरी चालेल. नोकरी जाईल, अप्पा तोंड बघणार नाहीत, खोली जाईल. "आई, पंधरा वर्षं झाली आता."

"मला बी पंधराच झाली," ती म्हणाली.

ठाण्यातला हवालदार चांगला माणूस होता. त्यानं ऐकून कपाळाला हात लावला. "मावशी, गाव आमच्या हद्दीत न्हाई. इतक्या जुन्या गोष्टीचं मी आता काय लिहू?"

"लिहू नका," आई म्हणाली. "ऐका नुस्तं."

आणि ती उभ्यानं सांगत गेली. कोण आलं, कुणाच्या हातात काय होतं, कुठलं घर आधी पेटलं, आमच्या घरात काय काय होतं. जर्मनची भांडी, वडिलांचा फेटा, माझी सातवीची पुस्तकं. तिला एवढं सगळं आठवतंय हे मला माहीत नव्हतं. ऐकता ऐकता हवालदारानं कागद ओढला. "अर्ज म्हणून घेतो. पुढं काय होईल ते सांगू शकत न्हाई. नाव सांगा. मुलाचंबी."

आजूबाजूला दहा-बारा माणसं बसलेली होती. मी पूर्ण नाव सांगितलं.

हवालदारानं वर पाहिलं. "तुम्ही ते चायनीजवाले साळुंके ना? अप्पाकडले?"

"साळवे," मी म्हणालो.

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्या अर्जाचं काही झालं नाही. एकदा एक माणूस चौकशीला येऊन गेला, नंतर कुणी आलं नाही. पण अर्ज झाल्याचं गावात कळलं, आणि दिगंबर पुन्हा कधी परभणीत माझ्या नजरेला पडला नाही. त्याची झोप किती उडाली, मला ठाऊक नाही. त्यानं तेव्हा आरोळी दिली नाही, हे खरं आहे आणि मी ते विसरलेलो नाही. त्यानं काडी लावली, हेही विसरलेलो नाही. दोन्हीतून काय वजा करायचं, ते मला आजपर्यंत जमलेलं नाही. काही गिऱ्हाइकांनी आमच्याकडं येणं बंद केलं, त्यात रोजची दोन-तीन कुटुंबंही होती. विद्यापीठातली मुलं येत राहिली. वर्षभरानं माझं लग्न झालं, पत्रिकेवर साळवे छापून. अप्पांकडं मी ते असेपर्यंत काम केलं. पण हे सगळं सहज झालं असं कुणी समजू नये. ठाण्यातून आल्यावरचा दुसरा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात भीतीचा दिवस होता, आणि मला तिथंच थांबायचंय.

आदल्या दिवशी मी कामावर गेलोच नव्हतो, आणि संध्याकाळी तो हवालदार हॉटेलात चहाला आला होता. त्यामुळं अप्पांना सगळं कळलेलं होतं. सकाळी मी आलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. भस्म लावलेलं कपाळ खाली घालून गल्ल्यावर बसून राहिले. जा म्हणाले नाहीत, ये म्हणाले नाहीत. मी भट्टी पेटवली. ते उठून येतील आणि दोन शब्दांत संपवतील म्हणून वाट बघत कोबी चिरत राहिलो. इतका बारीक कोबी मी आयुष्यात कधी चिरला नसेल.

बारा वाजता आई आली. तोवर ती कधी हॉटेलात आली नव्हती. मीच येऊ दिलं नव्हतं. ती पदर सावरत रस्ता ओलांडून आली, काचेजवळच्या टेबलावर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी मला हाक मारली, "उत्तम!"

चार-पाच माना वळल्या. एका टेबलावरची दोन माणसं एकमेकांशी काही बोलली आणि अर्धं खाणं टाकून उठली. अप्पा गल्ल्यावरून उतरले. आईच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले, वाकून काहीतरी बोलले. भट्टीच्या घोंगावण्यात मला काही ऐकू येईना. आई बोलली, अप्पा बोलले, आई पुन्हा बोलली. मग अप्पा माझ्याकडं आले.

"तुझ्या आईला तिखट चालतं का इचारलं. ती मनती, पोराला इचारा, त्याला ठाऊक हाय."

"चालतं," मी म्हणालो.

अप्पा गेले नाहीत. तिथंच उभे राहून रस्त्याकडं बघत म्हणाले, "मी ग्यारंटी दिली व्हती तुझी. चार माणसांत."

"हो अप्पा."

"मला भ्या वाटायलंय, उत्तम. काच आज फुटंल का उद्या, काई सांगता येत न्हाई."

"मलाही वाटतंय."

त्यांनी आईच्या टेबलाकडं पाहिलं. "मंग कर लवकर," म्हणाले. "बसलीय ती कवाची."

मी कढई तापवली. नूडल्स टाकल्या, कोबी, गाजर, हिरवी मिरची जास्त. प्लेट अप्पांनी स्वतः नेली. आईनं हातानंच खाल्लं, न थांबता, शेवटपर्यंत. पाणी प्याली आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बऱ्या हायत शेवया," ती म्हणाली. "पण आतून कच्च्या ठिवल्या का रं?"

मी तिला समजावून सांगायला लागलो की त्या तशाच ठेवायच्या असतात, दाताला लागल्या पाहिजेत, जास्त शिजल्या की चिखल होतो. तिनं ऐकून घेतलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"आसंल. मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "पण उद्या जरा जास्ती शिजव."